स्मित आणि अस्मिता

मराठी भाषेत सध्या सर्वांत जास्त राबवला जाणारा शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : 'अस्मिता'. भाषेची अस्मिता आहे, प्रांताची आहे, जातीची आहे, पोटजातीची आहे, गावाची आहे. आणि उत्सवातल्या मांडवांवरचे फलक वाचत गेले तर आळीची आणि बोळाचीही आहे. ही अस्मिता जागृत होते, प्रज्वलित होते, डिवचली जाते, आणि दर पंधरा दिवसांनी न चुकता दुखावली जाते. ती कधी हसली, असे मात्र माझ्या वाचनात आलेले नाही. एवढ्या मोठ्या कुटुंबातली एवढी वडीलधारी बाई, आणि जन्मात एकदाही हसली नाही! आपल्या घरात अशी एखादी आत्या असती तर तिची प्रकृती बरी नाही असे समजून आपण तिला वैद्याकडे नेले असते. सार्वजनिक जीवनात मात्र आपण तिला मखरात बसवले आहे आणि सकाळसंध्याकाळ तिची आरती करीत आहोत.

शब्द मुळात संस्कृत. 'अस्मि' म्हणजे 'मी आहे'. त्याला भाववाचक 'ता' लागून 'अस्मिता' सिद्ध झाली. स्मिताशी तिचा व्युत्पत्तीने काडीइतकाही संबंध नाही. परंतु शाळेतल्या एखाद्या पोराने 'अ' हा नकारार्थी उपसर्ग समजून 'अस्मिता म्हणजे स्मिताचा अभाव' असा विग्रह केला, तर व्याकरणाचे गुरुजी त्याला शून्य गुण देतील आणि मी त्याला पैकीच्या पैकी देईन. त्या पोराने व्याकरण चुकवले असेल. पण आजूबाजूला पाहिले आहे खास.

आणखी एक गंमत आहे. ज्या शब्दाचा आपण एवढा अभिमान बाळगतो त्याला पतंजलींच्या योगसूत्रांत फार वाईट शेजार मिळाला आहे. तेथे पाच क्लेश सांगितले आहेत : अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. म्हणजे अविद्या तिची थोरली बहीण आणि द्वेष तिचा धाकटा भाऊ! पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन्ही एकच आहेत असे वाटणे, ही पतंजलींच्या लेखी अस्मिता. सोप्या मराठीत सांगायचे तर, मी माझ्या डोळ्यांनी जग पाहतो हे विसरून मी म्हणजेच माझे डोळे असे मानणे. माझा हुद्दा, माझे आडनाव, माझी पगडी म्हणजेच मी, असे समजून बसणे. हा क्लेश आहे, असे योगशास्त्र सांगते. आपण त्याचे वार्षिक मेळावे भरवतो.

आता माझे म्हणणे मांडतो. माणसाचे मीपण घडवणारे आणि वेळ आली तर ते मोडून नवे घडवणारे जे मोजके मार्ग माणसाजवळ आहेत, त्यांत हसणे हा एक मोठा मार्ग आहे. जो स्वतःकडे पाहून हसतो तो त्या क्षणापुरता स्वतःपासून हातभर दूर उभा राहतो. पाहणारा एकीकडे होतो आणि पगडी दुसरीकडे होते. पतंजलींनी जी गाठ क्लेश म्हणून सांगितली, ती तेवढ्यापुरती सुटते. वर्षानुवर्षांच्या साधनेने जे साधते म्हणतात त्याची चुणूक संसारी माणसाला एका हसण्यात मिळते. ही गोष्ट क्षुल्लक नाही. परंतु ती क्षुल्लक ठरवण्याचा उद्योग आपल्याकडे तीन प्रकारचे लोक चालवीत आले आहेत, आणि या लेखात मला त्या तिघांशीही भांडायचे आहे.

पहिले आहेत गंभीर लोक. साहित्याच्या पंगतीत विनोदाची जागा यांनी पानाच्या डावीकडे, कोशिंबिरीच्या शेजारी नेमून दिली आहे : असावा, चवीपुरता असावा, पण त्याने पोट भरते असे कोणी म्हणू नये. हा दृष्टिकोन आजचा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने हसण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आणि त्या माणसांच्या प्रतवारीला जोडून टाकल्या. स्मित आणि हसित ही उत्तम प्रकृतीच्या लोकांची, विहसित आणि उपहसित ही मध्यमांची, अपहसित आणि अतिहसित ही अधमांची. मोठ्या माणसाने ओठांच्या कोपऱ्यात हसावे; पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे ते हलक्या माणसाने. हा रस बहुधा स्त्रिया आणि नीच पात्रे यांच्या ठायी दिसतो, असेही तेथे सांगून ठेवले आहे. नाट्यशास्त्र हा थोर ग्रंथ आहे, आणि रंगभूमीवर जे दिसते ते त्याने नोंदवले असे कोणी म्हणेल. परंतु त्या नोंदीचा पुढे नियम झाला. हसण्यावरून माणसाची पायरी ठरू लागली. सभेत अध्यक्षांनी हसायचे नाही, घरात वडिलांनी हसायचे नाही, आणि बाईने तर तोंडाला पदर लावल्याशिवाय हसायचेच नाही. 'दात काढू नकोस' हे वाक्य आपल्याकडे जितक्या मुलींनी ऐकले असेल तितके दुसरे कोणते ऐकले असेल असे मला वाटत नाही.

ज्यांना हसण्याची मनाई होती त्यांनी काय केले, हे पाहिले म्हणजे हसण्याचे सामर्थ्य कळते. भोंडल्याची गाणी आठवा. सून माहेरी जायला निघते, तर सासू तिला आधी कारल्याचे बी पेरायला सांगते, मग वेल येऊ दे म्हणते, मग कारले लागू दे म्हणते. ही गाणी फेर धरून कोण म्हणत असे? आठ-नऊ वर्षांच्या मुली, ज्यांना आणखी दोन-चार वर्षांत त्याच सासूच्या दारात उभे राहायचे होते! सत्तेकडे पाहून हसण्याचा पहिला धडा त्या पाटावर काढलेल्या हत्तीभोवती गिरवीत होत्या. घर त्यांच्या हाती नव्हते. घराला हसण्याचा अधिकार त्यांनी तेवढ्या दिवसांपुरता आपल्या हाती घेतला होता.

किंवा जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' घ्या. १८५५ सालचे हे नाटक. संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण, राजाचा मित्र आणि मोदकांचा भक्त. त्याने हसवायचे ते राजाची करमणूक व्हावी म्हणून. जोतीरावांनी त्या विदूषकाला राजवाड्यातून काढले आणि एका कुणब्याच्या दारात उभे केले. घरात जोशीबुवा गरोदर बाईला ग्रहांची भीती घालून लुटत आहेत, आणि विदूषक त्यातले एकेक ढोंग प्रेक्षकांना उलगडून दाखवीत आहे. शेवटी ते नवराबायको कोठे जातात? शाळेत जातात! हसण्याने माणूस बदलतो म्हणजे काय होते, याचे याहून नेमके उत्तर मला माहीत नाही. आधी भीती हास्यास्पद झाली, मग ती गेली, आणि तिच्या रिकाम्या जागी पाटी आली. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले यात नवल नाही. विदूषकाने मालक बदलला होता, हे कमिटीला नक्कीच कळले असणार. पुढे सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशाचा साज घेऊन हेच काम गावोगाव केले.

तेव्हा गंभीर लोकांना माझे उत्तर असे : ज्याला तुम्ही कोशिंबीर म्हणता, त्यावर या देशात पिढ्यान्पिढ्या उपाशी ठेवलेल्या माणसांचा स्वाभिमान पोसला गेला आहे.

दुसरे लोक आहेत औषधवाले. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत पाच माणसांनिशी हास्यक्लब सुरू केला, आणि आज ती चळवळ जगभर पोहोचली आहे. या क्लबांची मी टवाळी करणार नाही. ज्या पेन्शनरांशी घरात दिवसभर कोणी बोलत नाही त्यांना सकाळी सहा वाजता दहा माणसे भेटतात, हात वर होतात, फुप्फुसे फुगतात, हे चांगलेच आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की माणूस एकटा असताना जेवढे हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, आणि बरेचसे हसणे विनोदामुळे मुळी येतच नाही. ते सोबतीमुळे येते. त्या अर्थाने हास्यक्लब ही सोबतीची पाणपोई आहे, आणि पाणपोईवर कोणी टीका करू नये.

परंतु या क्लबांच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आरंभी तेथे रोज विनोद सांगितले जात. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, आणि उरलेले कोणाला ना कोणाला टोचू लागले. तेव्हा तोड अशी निघाली की विनोद काढून टाकावा आणि नुसते हसावे. व्यायाम म्हणून ही तोड उत्तम आहे. पण तिचा अर्थ पाहा. कोणाला हसायचे हा प्रश्न जेथे अवघड झाला, तेथे प्रश्नच रजा देऊन घरी पाठवला. राहिला तो हा-हा आणि हो-हो. या हसण्याने पोट हलते. मीपण हलत नाही. साहेब सहा वाजता बागेत दोन्ही हात आभाळाकडे करून गडगडाटी हसतात आणि अकरा वाजता कचेरीत शिपायाला पूर्वीइतकेच तुच्छतेने हाक मारतात. मी औषधाच्या विरुद्ध नाही. पण या औषधाच्या बाटलीवर कोणी 'व्यक्तिमत्त्वात परिवर्तन' अशी चिठ्ठी लावू लागला तर मी त्याला हटकणार. ज्या हसण्यात आपण स्वतः सापडत नाही, त्या हसण्याने आपण बदलत नाही.

स्वतः सापडणे म्हणजे काय, हे एकनाथांना विचारावे. भारुडातली ती सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते : सासऱ्याला दूर धाड, सासूला ने, जावेचे असे कर, नणंदेचे तसे कर, नवऱ्यालाही सोडू नकोस, आणि मला एकटीला राहू दे. ऐकणारे हसतात. गावातली प्रत्येक सासू शेजारणीकडे बघून हसते, प्रत्येक सून मनातल्या मनात हसते. आणि हसण्याचा भर ओसरता ओसरता भारुड सांगणारा हलकेच उलगडतो की हे सासू-सासरे म्हणजे तुझ्याच घरात मुक्काम ठोकून बसलेले विकार आहेत. जो इतका वेळ दुसऱ्याच्या घराला हसत होता त्याला कळते की घर आपलेच होते. हसण्यासाठी उघडलेल्या तोंडात कोणीतरी कडू गोळी अलगद टाकून गेले. प्रवचनाने हे झाले नसते. प्रवचन ऐकताना माणूस तोंड मिटून बसतो.

आणि एका आयुष्यात हे कसे घडते ते पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडावीत. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेले हे पुस्तक. बाईंचे बालपण वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात गेले. लग्न झाले ते नारायण वामन टिळकांसारख्या तापट, विसराळू, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळ्या होणाऱ्या कवीशी. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला, आणि बाईंच्या पायाखालची जमीन गेली. काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला गेल्या तरी सोवळे सुटले नव्हते. ते सुटत सुटत १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. यातल्या प्रत्येक पानावर माणसाने ऊर बडवावा असा मजकूर आहे, आणि प्रत्येक पानावर हसू आहे. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई आपल्याच सोवळ्याकडे, आपल्याच भाबडेपणाकडे, आपल्याच भांडणांकडे असे काही पाहते की वाचणाऱ्याला हसू येते आणि ती मात्र लहान होत नाही. वडीलही लहान होत नाहीत, टिळकही होत नाहीत. तिच्या धर्मांतराचा प्रश्न मी येथे काढीत नाही. कोणी कोणता धर्म घ्यावा हा या लेखाचा विषय नव्हे. पण सोवळे हीच जिची ओळख होती, तिला त्या सोवळ्यातून बाहेर पडल्यावरही आपण आपणच आहोत हे कशाने कळले? माझे उत्तर असे की जी स्वतःला हसू शकत होती तिच्यापाशी सोवळ्याहून मोठी अशी एक 'मी' आधीपासून होती. रडणारी बाई सोवळ्याबरोबर वाहून गेली असती. हसणारी तरली.

येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. हसणे एवढे तारक असेल, तर तोतऱ्याला, लठ्ठ बाईला, मोलकरणीच्या बोलीला, शेजारच्या प्रांतातल्या माणसाच्या उच्चाराला जे हसले जाते, रोज सकाळी मोबाइलवर बायकोवरचे जे विनोद गुळगुळीत होईपर्यंत फिरवले जातात, तेही तारकच म्हणायचे काय? मुळीच नाही. हॉब्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ साली 'लेव्हायथन' या ग्रंथात हसण्याचे मूळ सांगितले ते असे की, दुसऱ्याचे व्यंग पाहून आपण त्याच्यापेक्षा वरचढ आहोत असा माणसाला अचानक भास होतो आणि तो हसतो. सर्व हसण्याला हे लागू नाही. परंतु या हसण्याला पुरेपूर लागू आहे. या हसण्याने हसणाऱ्याचे मीपण इंचभर फुगते आणि तेथेच घट्ट होते. माझी कसोटी साधी आहे. हसून झाल्यावर बलवानाचा मी थोडा सैल झाला का? दुबळ्याचा मी थोडा ताठ उभा राहिला का? दोहोंपैकी एक घडले असेल तर ते हसणे कामाचे. बलवान फुगला आणि दुबळा आणखी वाकला, तर ते हसणे म्हणजे दात दाखवून केलेली मारहाण आहे.

या दोन हसण्यांतले अंतर मी माझ्या गावात पाहिले आहे. पिठाच्या गिरणीत काम करणारा एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा. बोलताना अडखळतो. गिरणीवर दळण घेऊन येणारा प्रत्येक जण त्याला मुद्दाम नाव विचारी, ते नाव त्याच्या ओठांवर अडकले की हसे, आणि डबा घेऊन जाई. गावातल्या हौशी मंडळींनी एक वग बसवायला घेतला तेव्हा या मुलाने सोंगाड्याचे काम मागितले. लोक पुन्हा हसले. पण तालमीत पोराने कमाल केली. जेथे जीभ अडते तेथेच त्याने थांबायला सुरुवात केली : आपल्या मर्जीने, हवे तेवढे, पाटलाच्या तोंडाकडे टक लावून. सारी तालीम श्वास धरून त्या शब्दाची वाट पाही, आणि तो शब्द आला की हशा फुटे. अडखळणे तेच होते. पूर्वी ते लोकांच्या ताब्यात होते, आता त्याच्या ताब्यात आले होते. महिन्याभरात तो गिरणीवरही मान वर करून बोलू लागला. कोणी नाव विचारले की तोच आधी डोळे मिचकावून म्हणे, 'वेळ आहे ना? मग सांगतो.'

वगाची गोष्ट अशी होती की एका गावच्या दोन वाड्या एका मोकाट गाढवावरून भांडतात. गाढवाला सरकारी बक्षीस जाहीर होते तेव्हा ते दोन्ही वाड्यांची अस्मिता ठरते. गाढव तहसीलदाराला लाथ मारते तेव्हा ते कोणत्याच वाडीचे राहत नाही. प्रयोगाला आठ दिवस उरले असताना एका संस्थेचे शिष्टमंडळ आले. हा वग आमच्यावर आहे, आमच्या भावना दुखावल्या आहेत, प्रयोग झाला तर परिणामांना आम्ही जबाबदार नाही. शिष्टमंडळातल्या एकानेही तालीम पाहिली नव्हती. वाड्या काल्पनिक आहेत, असे सांगून पाहिले. गाढवही काल्पनिक आहे, असेही सांगून पाहिले. त्याचा उपयोग झाला नाही. कारण ते गाढव आपलेच आहे अशी त्यांची पक्की खात्री झालेली होती. प्रयोग झाला नाही. मुलगा गिरणीत आहे. नाव विचारले तर पूर्वीसारखा खाली पाहतो.

हे माझे तिसरे भांडण, आणि खरे भांडण हेच. दुखावलेल्यांना वाटते की आपण एक वग बंद पाडला. त्यांनी एका माणसाच्या हाती नुकतीच आलेली त्याची जीभ काढून घेतली. ज्या अस्मितेच्या रक्षणासाठी हे झाले तिला एका गाढवाने धक्का पोहोचत असेल, तर ती किती वजनाची होती?

हे लोक इतिहासाच्या गोष्टी फार सांगतात, म्हणून त्यांना थोडा इतिहास सांगतो. शाळाशाळांतून ज्यांची गाणी म्हटली गेली ती महाराष्ट्राची दोन स्तोत्रे कोणी लिहिली? एक श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी, दुसरे गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकऱ्यांनी. कोल्हटकर कोण? वऱ्हाडात वकिली करणारे गृहस्थ. १९१० साली त्यांचे 'सुदाम्याचे पोहे' पुस्तकरूपाने आले आणि त्यातल्या सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने महाराष्ट्राच्या कर्मठपणाची, सणावारांची आणि समजुतींची अशी रेवडी उडवली की मराठी विनोदाची परंपराच तेथून सुरू झाली असे मानतात. गडकरी कोण? गुजरातेत नवसारीला जन्मलेला, कोल्हटकरांना गुरू मानणारा, आणि बाळकराम या नावाने मराठी संसाराला हसून हसून बेजार करणारा माणूस. स्वतः कवी, आणि 'कवींचा कारखाना' लिहून कवींनाच हसला. महाराष्ट्र नावाचे राज्य नकाशावर यायला अजून काही दशके अवकाश होता. नकाशावर नसलेल्या या देशाची मूर्ती ज्यांनी शब्दांत घडवली ते दोघेही विनोदकार निघावेत, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. ज्याला आपल्या माणसांचे व्यंग दिसते आणि ते पाहून ज्याला त्यांचा कंटाळा येत नाही, त्याच्याच प्रेमावर विश्वास ठेवावा. व्यंग न पाहता केलेली स्तुती भाट करतो.

पुढचेही पाहा. १९५६ ते १९६० या काळात संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला. रक्त सांडले, माणसे गेली. त्या लढ्याची सर्वांत मोठी तोफ कोणती? आचार्य अत्रे, 'झेंडूची फुले' लिहून समकालीन कवींची विडंबने करणारे केशवकुमार, 'साष्टांग नमस्कार' सारख्या नाटकांतून तऱ्हेवाईकपणाची चेष्टा करणारे नाटककार. लाखांच्या सभा त्यांनी हसवल्या, आणि हसत हसत ती माणसे मोर्चात गेली. म्हणजे जी अस्मिता आज हसत नाही ती १९६० साली हसत हसतच राज्यावर बसली होती!

त्याच महाराष्ट्रात २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी बागेतला गडकऱ्यांचा पुतळा रात्री उखडून मुठेत टाकण्यात आला. कारण त्यांचे अपुरे राहिलेले 'राजसंन्यास' नाटक आणि त्यातले संभाजीमहाराजांचे चित्रण. त्या चित्रणावर आक्षेप घेण्याचा अधिकार मी कोणालाही नाकारीत नाही. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नसेल तर तसे लिहावे, छापावे, सभा घेऊन सांगावे. गडकऱ्यांनी मनात धरले नसते, कारण १९१९ सालीच ते वारले होते. पण युक्तिवादाला नदीत फेकता येत नाही म्हणून पुतळा फेकला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

फ्रेंच तत्त्वज्ञ बेर्गसाँ याने १९०० साली हास्यावर जो निबंध लिहिला त्यात असा विचार आहे की जिवंत माणूस यंत्रासारखा ताठर वागू लागला की तो हास्यास्पद होतो, आणि हसून समाज त्याला पुन्हा लवचिक करतो. आपल्याकडे उलटे चालले आहे. ताठरपणाला आपण तेज म्हणतो आणि लवचिकपणाला लाचारी. कोपऱ्यावरचे यंत्र नाणे टाकताच जसे वजनाचे तिकीट बाहेर टाकते, तशी ही अस्मिता एक शब्द पडताच निषेधाचे पत्रक बाहेर टाकते. तिला वाचावे लागत नाही, पाहावे लागत नाही, विचार तर करावाच लागत नाही.

कोणी म्हणेल, 'हे सगळे सुखी माणसाचे बोलणे झाले. ज्यांच्या घरात दुःख आहे, ज्यांचा अपमान शतकानुशतके झाला, त्यांना हसा म्हणून सांगणारे तुम्ही कोण?' मी कोणालाच हसा म्हणून सांगत नाही. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला स्वतःकडे पाहून हसण्याचा उपदेश करणे हा निर्लज्जपणा होईल. त्याने आधी आसूड धरणाऱ्याला हसावे. जोतीरावांचा विदूषक तेच करतो, आणि ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांच्या मोठेपणाची जी खरपूस हजेरी घेतली तीही हीच. स्वतःला हसण्याची जबाबदारी मी टाकतो आहे ती ज्यांच्या हाती ध्वनिक्षेपक आहे त्यांच्यावर. ज्यांच्या मागे शंभर माणसे आहेत आणि ज्यांच्या भावना दुखावल्या की दुकाने बंद होतात, त्यांच्यावर. ज्याला धक्का देण्याची ताकद आहे त्याला धक्का सोसण्याची ताकद असली पाहिजे, एवढाच हा हिशेब आहे.

तेव्हा या दिवाळीला माझी एक सूचना आहे. जी जी संस्था कोणाच्या तरी अस्मितेच्या नावाने चालते, मग ती जातीची असो, भाषेची असो, प्रांताची असो की साहित्याची, तिने वर्षातली एक रात्र राखून ठेवावी. त्या रात्री व्यासपीठ गावातल्या सोंगाड्यांच्या ताब्यात द्यावे, अध्यक्षांनी आणि कार्यकारिणीने पहिल्या रांगेत बसावे, आणि त्यांच्यावर जो वग होईल तो शेवटपर्यंत पाहावा. हसू आले तर हसावे, नाही आले तर पान खावे. पण उठून जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी पत्रक काढू नये. शिमग्यात आपले पूर्वज पाटलाच्या वाड्यापुढे याहून पुष्कळ जास्त बोलत असत, आणि पाटील दुसऱ्या दिवशी पाटीलच राहत असे.

हे ज्या संस्थेला जमेल तिची अस्मिता निरोगी आहे असे मी जाहीर कबूल करीन आणि तिचा आजीव सभासद होईन. ज्या संस्थेला जमणार नाही तिने आपल्या मखराला खुशाल रोषणाई करावी. फक्त वर्गणीचे पुस्तक घेऊन माझ्या दारी येऊ नये. आणि मधल्या काळात कोणाला दोन वाड्यांच्या गाढवाचा वग बसवायचा असेल, तर त्याने मला कळवावे. सोंगाड्या तयार आहे. त्याला सगळे संवाद पाठ आहेत, आणि कोठे थांबायचे तेही.